हौसेची कैफियत

मंडळी, जुन्या कॅमेऱ्यांचा नाद लागलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "एवढे कॅमेरे लागतात कशाला?" आणि आपण लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून साक्ष द्यायला लागतो. हा फिरताना न्यायला, तो पोर्ट्रेटसाठी, हा जड आहे म्हणून घरीच राहणारा, पण त्याचं भिंग काय आहे म्हणून सांगू! तिसऱ्या कॅमेऱ्यापर्यंत कारणं पुरतात, पुढे थापा सुरू होतात. खरं उत्तर सोपं आहे. लागायला एकही लागत नाही. फोनवर झकास फोटो निघतात. घेतले ते आवडले म्हणून. मला आज एवढंच मांडायचंय की हे उत्तर पुरेसं आहे, आणि ते मान वर करून देता आलं पाहिजे.

आपल्या सबबी आधी तपासू. सगळ्यांत लाडकी म्हणजे फिल्म शिस्त लावते. रोलमध्ये 36च फोटो, त्यामुळे माणूस विचार करून खटका दाबतो. ऐकायला छान वाटतं. गॅरी विनोग्रँड हा थोर अमेरिकन छायाचित्रकार 1984 साली गेला, तेव्हा त्याच्यामागे सुमारे 2,500 रोल डेव्हलपसुद्धा न केलेले निघाले. ही सगळी फिल्मच होती. दाबत सुटणारा माणूस फिल्मवरही दाबत सुटतो, आणि विनोग्रँडसारखा असेल तर थोर कामही करून जातो. दुसरी सबब गुंतवणुकीची. काही कॅमेऱ्यांचे भाव चढले हे खरं, पण जो विकायचाच नाही त्याच्या भावाशी आपल्याला काय देणंघेणं? जुन्या भिंगांच्या खास 'लूक'मध्ये मात्र थोडं तथ्य आहे. काचेवरचं चकाकी रोखणारं कोटिंग साधं, त्यामुळे उजेड समोरून आला की चित्र धुरकट होतं, कॉन्ट्रास्ट उतरतो. पण उजेड आत सोडणारं छिद्र जरा लहान करून एफ 8वर आणून उजेड पाठीशी घेतला, की दोन चांगल्या भिंगांतला फरक सांगताना भल्याभल्यांची दांडी उडते.

आता ज्याच्यापायी हे सगळं होतं, तिकडे वळतो. ऑलिम्पसचा ओएम-1 घ्या. 1972 साली तो एम-1 या नावाने आला. 'एम' हे अक्षर आपल्या कॅमेऱ्यांचं म्हणून लायका या जर्मन कंपनीने हरकत घेतली, तेव्हा त्याचा ओएम-1 झाला. योशिहिसा माइतानी हा त्याचा कर्ता. त्या काळचे एसएलआर, म्हणजे आरशातून थेट भिंगातलं चित्र दाखवणारे कॅमेरे, गळ्यात धोंडाच; माइतानींनी सगळं यंत्र आटोपशीर करून वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास आणलं. शटरस्पीडची चकती वर ठेवायचा रिवाज होता, ती त्यांनी भिंगाभोवतीच्या कड्यात आणली. म्हणजे डावा हात एकदा भिंगाखाली गेला की फोकस, छिद्र आणि वेग सगळं त्याच हाताने, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता. आणि व्ह्यूफाइंडर? 50 मिलिमीटरच्या भिंगाला 0.92 पट मोठेपणा. डोळा लावला की खिडकीत उभं असल्यासारखं वाटतं. आरसा वर उडतो त्याचा धक्का शोषायला आत हवेचा डँपर आहे. शटर सगळं यांत्रिक; बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईपुरती. बॅटरी संपली तरी कॅमेरा चालू. कळ दाबल्यावर जो दबका, नेमका आवाज येतो, तो ऐकायला रोल भरलेला असावाच लागतो असं नाही. मी तरी अनेकदा रिकामाच वाजवतो.

कुणीतरी विचार करून केलेली वस्तू हातात घेतल्याचं सुख असतं ते हे. ते फोटोत उमटत नाही. उमटायची गरजही नाही.

यावर एक ठेवणीतलं वाक्य येतं: फोटो कॅमेरा काढत नाही, माणूस काढतो. शंभर टक्के मान्य! पण मग कॅमेऱ्याने काहीच फरक पडत नसेल, तर मी 1959चा निकॉन एफ घेतला काय किंवा कालपरवाचा डिजिटल घेतला काय, तुमचं काय बिघडलं? जोडीला फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँचा दाखला येतो: लायका आणि मुख्यतः एकच 50चं भिंग. बरोबर आहे, त्याला आपल्या हाताचा कॅमेरा सापडला होता. आपला आपल्याला सापडायचा तर दहा हाताळावे लागतात, आणि त्यातले दोन-चार घरी येतात. काही वर्षं ठेवावेत, मग विकावेत. विकण्यातही वावगं काही नाही. घेण्याची मोकळीक त्यात परत देण्याची मोकळीकही आली.

पैसे मात्र आपले हवेत, आणि बाजूला काढलेले. कर्ज काढून हौस करणाऱ्याची बाजू मी मांडणार नाही.

मला काळजी टीकाकारांची नाही, फॅशनची वाटते. कॉन्टॅक्स टी-2चं उदाहरण घ्या. 1990चा, टायटेनियमच्या अंगाचा, खिशात मावणारा देखणा कॅमेरा. प्रसिद्ध लोकांच्या हातात दिसला आणि सगळे त्याच्यामागे धावले. पण तो पुरता इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो बनवणाऱ्या क्योसेरा कंपनीने कॉन्टॅक्सचा धंदा 2005 साली गुंडाळला. आतलं सर्किट गेलं, तर दुसऱ्या मेलेल्या टी-2मधून भाग काढण्यावाचून फारसा इलाज नाही. हे माहीत असून तुम्हाला तोच हवा असेल तर जरूर घ्या. दुसऱ्याच्या गळ्यात बघितला म्हणून हवा असेल तर ती तुमची आवड नव्हे.

जीव जडला तरी डोळे उघडे ठेवून घ्यायचं असतं. मागचं झाकण उघडा. कडेच्या खाचांत काळा फोम असतो, उजेड आत शिरू नये म्हणून. जुना झाला की त्याचा चिकट लगदा होतो. तो बदलणं सोपं आहे, घाबरू नका. ओएम-1मध्ये मात्र प्रिझमवरही फोम असतो, तो कुजला की प्रिझमची चांदी खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डाग दिसतात. मग वेग एक सेकंदावर ठेवून कळ दाबा आणि कान द्या. आतल्या चाकांची घरघर एकसारखी यायला हवी. अडखळली किंवा लांबली तर तेल घट्ट झालंय. भिंग काढून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. पिवळी झाक दिसली तर ती बुरशी नव्हे. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार 50 एफ 1.4 या भिंगाच्या काही आवृत्त्यांमध्ये थोरियम मिसळलेली काच आहे, ती वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की बरीच निवळते.

मीटरची एक भानगड सांगून ठेवतो. त्या काळचे बरेचसे मीटर 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. तो सेल शेवटपर्यंत तेवढाच दाब देई. पारा विषारी, म्हणून तो बाजारातून गेला, आणि ते योग्यच झालं. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल घातला तर तो 1.5वर सुरू होतो आणि उतरत जातो, मग सुई चुकीचं सांगते. झिंक-एअर सेल साधारण जमतो, पण काही आठवड्यांत संपतो. ज्याला ही कटकट नको, त्याने ऑलिम्पसचाच ट्रिप 35 घ्यावा. 1967 ते 1984 एवढा काळ निघत होता. भिंगाभोवती सेलेनियमचं कडं आहे, त्याला बॅटरीच लागत नाही. उजेड कमी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर येते आणि कळ दबत नाही. सेलेनियम मेलेलं असलं तर मात्र भर उन्हातही झेंडी येते. ती तिथंच बघून घ्या.

चला, आता मागच्या टेबलावरचे कॅमेरे हाताळा. लाजू नका, नुसते ठेवण्यापेक्षा खटके वाजलेले त्यांना मानवतात. फक्त डावीकडचा फेड हा सोव्हिएत कॅमेरा सांभाळून. खार्किवमध्ये अनाथ आणि बेघर मुलांसाठी एक श्रम-वसाहत होती, तिथं 1934पासून लायकाची ही नक्कल बनायला लागली. पुढे अशा कित्येक सोव्हिएत कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून लोकांनी ते अस्सल म्हणून विकले, तेव्हा स्वस्तात लायका मिळतोय असं कुणी म्हणालं तर दोनदा बघा. याचा वेग बदलण्याआधी फिल्म पुढे सरकवून शटर ताणून घ्यायचं. न ताणता चकती फिरवली तर आतलं यंत्र बिघडू शकतं, आणि तो दुरुस्त करणारा माणूस शोधणं कॅमेरा शोधण्यापेक्षा अवघड आहे.