डोनट इंदूरमध्ये कधी खायचा?

(इंदूरमधल्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर डोनट हा विषय पाहून काहींना नवल वाटलं असेल. पण ज्या घरात मुलानं किंवा मुलीनं "नोकरी सोडून बेकरी काढतोय" असं सांगितलंय, त्या घरातल्यांना नवल वाटलं नसणार. आपल्या समाजातली शिकलेली पोरं आज या धंद्यात उतरताहेत. त्यात त्यांच्या आईवडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा लागतोय. विजयनगर, पलासिया, सपना-संगीता या भागांत फिरलात तर गुलाबी दिव्यांची, काचेच्या कपाटांची दुकानं दिसतात. एकेक डोनट शंभर-दीडशे रुपयांना. वर पिस्ता, लोटस बिस्किट, रसमलाईचं क्रीम. ही दुकानं राहतील का, हा प्रश्न मी पोटतिडकीनं घेतो, कारण तो आपल्या माणसांच्या पैशांचा आणि उमेदीचा आहे.

मी बेकऱ्यांना कच्चा माल पुरवतो. मैदा, यीस्ट, चॉकलेट, क्रीम. नवं दुकान निघतं तेव्हा पहिली ऑर्डर आमच्यासारख्यांकडे येते, आणि दुकान बसायला लागलं की तेही आम्हालाच आधी कळतं. पहिल्यांदा खरं चॉकलेट बंद होतं आणि कंपाउंड येतं, म्हणजे ज्यात कोकोआ बटरऐवजी वनस्पती तेल असतं ते. मग ताज्या आंब्याच्या सारणाऐवजी डब्यातलं फिलिंग. मग यीस्टची ऑर्डर निम्मी. त्यानंतर फोन उचलणं बंद होतं. हा क्रम मी इतक्या वेळा पाहिलाय की आज तुमच्यासमोर उभा आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. डोनट इंदूरमध्ये राहील. फक्त डोनट विकणारी, सजावटीवर चालणारी महागडी दुकानं बहुतेक राहणार नाहीत. कारण या पदार्थाला आपल्या शहरात अजून वेळ मिळालेली नाही.

म्हणजे काय, ते बघा. सकाळी सहाला भगोण्यातल्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर पोहे चढतात. वर शेव, कांदा, जीरावन मसाला, आणि बाजूला गरम जलेबी. पोहे आपली मराठी मंडळी होळकरांच्या राज्यात इथं घेऊन आली असं पुष्कळ जण मानतात, पण त्याला जलेबीची जोड इथल्या मातीनं दिली. दुपारी कचोरी. थंडी पडली की गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणि तो फक्त थंडीतच. रात्री सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की सराफ्यात त्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस, मावा बाटी, दहीबडा. आपल्या शहरात कुठला पदार्थ कधी खायचा हे कुणाला विचारावं लागत नाही. पाय आपोआप तिकडे वळतात. आता मला सांगा, डोनट कधी खायचा? सकाळी पोह्यांना कोण हलवणार? रात्री सराफा सोडून कोण जाणार? उरते ती वाढदिवसाची संध्याकाळ आणि फोनवर फोटो टाकायचा रविवार. तेवढ्यावर महिन्याचं भाडं निघत नाही.

अमेरिकेत असं नव्हतं. तिथं डोनटला सकाळ मिळाली होती, आणि ती हळूहळू मिळाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या बायकांनी फ्रान्समधल्या छावण्यांत अमेरिकन सैनिकांना डोनट तळून दिले. ते सैनिक घरी परतले ते ती चव घेऊन. १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रशियातून आलेल्या अॅडॉल्फ लेविट यांनी डोनट तळणारं यंत्र बनवलं आणि पदार्थ स्वस्त झाला. १९३७ मध्ये क्रिस्पी क्रीम, १९५० मध्ये डंकिन डोनट्स. कामावर जाणारा माणूस कॉफीबरोबर एक डोनट घ्यायचा, काही नाण्यांत. पुढे कॅलिफोर्नियात कंबोडियातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी पहाटे तीनला उठून हाच साधा डोनट विकला आणि पोरांना शिकवलं. त्या कुटुंबांबद्दल मला फार आदर आहे. ही सगळी कमाई ग्लेझ, म्हणजे साखरेचा चकचकीत थर, लावलेल्या साध्या डोनटवरची.

महागडा, नटवलेला डोनट यानंतर आला. पोर्टलँडचं वूडू डोनट २००३ चं. १० मे २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये डॉमिनिक आन्सेल यांनी क्रोनट विकायला काढला, क्रॉसाँ आणि डोनट यांचा मेळ घालून, आणि लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले. तिथं हा मजला पन्नास-साठ वर्षांच्या पक्क्या पायावर चढला. आपल्याकडे पाया खणायच्या आधीच वरचा मजला बांधायला घेतलाय.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. क्रोनट आजही मिळतो, पण एका पूर्ण बेकरीतला एक पदार्थ म्हणून. त्याच न्यूयॉर्कमधली क्रम्ब्स नावाची कपकेकची साखळी २०११ मध्ये शेअर बाजारात गेली आणि जुलै २०१४ मध्ये तिनं सगळी दुकानं एकदम बंद केली. एकाच गोड पदार्थावर सगळा डोलारा होता. लोकांचं मन दुसरीकडे गेलं, आणि दुकानात दुसरं फारसं काही विकायला नव्हतं.

क्रिस्पी क्रीमची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण नव्या मालकांनी ती पाठ करावी अशी आहे. त्यांच्या दुकानावर "हॉट नाऊ" असा लाल दिवा असतो. दिवा लागला म्हणजे आत्ता घाणा निघाला. २००० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, भाव चढला आणि मग घाई सुरू झाली. जिकडेतिकडे दुकानं, शिवाय किराणा दुकानांत आणि पेट्रोल पंपांवर खोक्यात भरलेले थंड डोनट. २००४ मध्ये सगळं कोसळलं. हिशेबातल्या गडबडी निघाल्या त्या वेगळ्याच. कंपनीनं तेव्हा कमी कार्बोहायड्रेटच्या आहाराच्या लाटेवर बोट ठेवलं, पण मला विचाराल तर त्यांनी विकायची वस्तूच बदलली होती. लोक त्या दिव्यासाठी यायचे. खोक्यातल्या थंड डोनटसाठी वाकडी वाट कोण करणार? याच कंपनीनं नंतर मॅकडोनाल्ड्सच्या हजारो दुकानांत डोनट पोचवायचा करार केला, आणि तोही जुलै २०२५ मध्ये संपवावा लागला, कारण खर्च निघत नव्हता. दोन्ही वेळा तळणी आणि गिऱ्हाईक यांच्यातलं अंतर नडलं.

भारतातही याचा अनुभव आहे. मॅड ओव्हर डोनट्स २००८ मध्ये आले आणि टिकून आहेत, मुख्यतः मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये. डंकिनचं पहिलं दुकान २०१२ मध्ये दिल्लीत निघालं. डॉमिनोज चालवणारीच कंपनी, म्हणजे पैसा, अनुभव, जागा सगळं हाताशी. तरी थोड्याच वर्षांत त्यांना बर्गर विकायला घ्यावे लागले आणि पुढे बरीच दुकानं बंद करावी लागली. का? सकाळी कॉफी-डोनट खाऊन ऑफिसला जायची सवय आपल्याला नाही. घरातून नाश्ता करून निघणारी माणसं आपण.

आता जरा तळणीजवळ या. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

चांगला यीस्टचा डोनट करणं अवघड काम आहे. पीठ मळायचं, फुगू द्यायचं, लाटून गोल कापायचं, परत फुगू द्यायचं, मग एकशे ऐंशी अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात प्रत्येक बाजूनं मिनिटभर. नीट फुगलेला डोनट तेलात अर्धा वरच तरंगतो, म्हणून त्याच्या कमरेला फिकट पट्टा राहतो. दुकानात गेलात तर तो पट्टा बघा. पट्टा नसेल तर पीठ फुगलं नव्हतं आणि आत गिच्च गोळा निघणार. आपल्या मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो तेव्हा पीठ भराभर फुगून खाली बसतं, मग ते तेल पितं. म्हणून पाण्याऐवजी बर्फ घालून मळावं लागतं आणि स्वयंपाकघरात एसी लावावा लागतो. जुलैत ग्लेझला पाणी सुटतं. त्यात इंदूरमधली बरीच गिऱ्हाइकं बिनअंड्याचाच मागतात. अंड्यानं पिठाला जी ताकद मिळते ती दूध पावडर आणि नीट मळण्यातून आणावी लागते. हे सगळं जमवणाऱ्या पोरींना आणि पोरांना मी ओळखतो, आणि त्यांच्या हाताला मी मनापासून दाद देतो.

पण यानंतर खरी अडचण सुरू होते. तळल्यावर काही तासांतच डोनट शिळा व्हायला लागतो. त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर तो आणखी लवकर घट्ट होतो. पावाचंही तेच. आणि महागड्या डोनटमध्ये असतं काय? क्रीम, चीज, कस्टर्ड. ते बाहेर ठेवलं तर नासतं, म्हणून सगळा माल थंड कपाटात जातो. म्हणजे ज्या सारणासाठी तुम्ही दीडशे रुपये घेता, तेच सारण खालचा डोनट मारून टाकतं. गिऱ्हाईक पहिल्यांदा फोटो काढतं, दुसऱ्यांदा मैत्रिणीला घेऊन येतं, तिसऱ्यांदा येत नाही, आणि का येत नाही हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. त्याच्या तोंडात थंड, रबरी पाव आलेला असतो.

आपल्या हलवायाकडची बालूशाही बघा. तीही मैद्याची, तळलेली, वर साखर, मध्ये खळगा. पण त्यात तुपाचं मोहन भरपूर, तळणी मंद आचेवर आणि यीस्ट नाही. आज खपली नाही तर उद्या खपते, परवाही खपते. डोनटवाल्याकडे रात्री नऊला जे उरलं ते टाकायचं. रोज रात्री. एका नव्या दुकानात मी स्वतः ते पाहिलं. दुकान चालवणारी मुलगी उरलेल्या डोनटांचे ट्रे पिशवीत रिकामे करत होती आणि दर ट्रेमागे वहीत आकडा मांडत होती. ती वही तिनं रोज भरली म्हणून ती आज धंद्यात आहे. त्यावर तिचं सगळं गणित बदललं, ते पुढे सांगतो.

भाड्याचं ओझं, घरपोच डिलिव्हरीवाल्यांचं कमिशन, यांची कल्पना तुम्हाला आहे. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टचं पीक गेलं आणि कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर चढला, तेव्हा चॉकलेटचा दर सांगायला फोन करताना माझा जीव तुटायचा. करात मात्र दिलासा मिळालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून बेकरीच्या मालावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

मघाशी एका काकांनी विचारलं, "अहो, परदेशी पदार्थ इंदुरात रुजतच नाही असं म्हणायचंय का?" मुळीच नाही. जलेबीच पश्चिम आशियातून आलेली. तिचा उल्लेख १४५० च्या सुमाराच्या एका जैन ग्रंथात सापडतो, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी तिचा इतिहास कष्टानं शोधून ठेवलाय. पाचशे वर्षांपूर्वी तीही नवी होती. आणि इतकं मागे कशाला जायचं? छप्पन दुकान या खाऊगल्लीतला जॉनी हॉट डॉग १९७८ पासून आहे. नाव अमेरिकन, पण तव्यावर खरपूस भाजलेला गोल पाव आणि आत टिक्की. डोळ्यांसमोर होतं, गरम मिळतं, खिशाला परवडतं, उभ्या उभ्या खाता येतं. अमेरिकन माणसाला तो हॉट डॉग वाटणार नाही, पण इंदूरच्या तीन पिढ्यांनी तो आपला मानला. डोनटला याच वाटेनं जावं लागेल.

आता त्या मुलीचं सांगतो. वहीतल्या आकड्यांवरून तिला दिसलं की क्रीमचे महागडे प्रकार सगळ्यात जास्त टाकावे लागतात आणि साधा ग्लेझचा डोनट कधीच उरत नाही. तिनं बावीस प्रकारांचे पाच केले. थंड कपाट विकून टाकलं. तळणी मागून उचलून रस्त्याकडच्या काचेशी आणली. कोचिंग क्लास सुटतात त्या वेळी, संध्याकाळी पाच ते आठ, लहान आकाराचे गरम डोनट, चाळीस रुपयांना. सकाळी दुकानातल्याच ओव्हनमध्ये पाव आणि बन, ते आजूबाजूच्या कॅफेंना जातात. सजवलेले डोनट फक्त आदल्या दिवशी ऑर्डर दिली तर. आईवडिलांना वाटलं, मुलगी मागे आली. माझ्याकडची तिची यीस्टची ऑर्डर वाढली आहे, आणि चॉकलेट ती अजूनही खरंच घेते. पाचला क्लास सुटतात आणि पोरं तिच्या काचेकडे वळतात. तिच्या गल्लीपुरती तरी डोनटला वेळ मिळाली.

हॉलमध्ये असे काही पालक आहेत ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे, म्हणून व्यवहाराचं बोलून थांबतो. जागेच्या भाड्याचा पहिला करार अकरा महिन्यांच्या वर करू नका. सजावटीवर जेवढा खर्च धरलाय त्यातला निम्मा बाजूला ठेवा. तो मे-जूनमध्ये लागेल, तेव्हा कॉलेजांना सुट्ट्या असतात आणि पीठही त्रास देतं. मालाचे प्रकार मोजकेच ठेवा आणि टाकलेल्या मालाची वही पहिल्या दिवसापासून घाला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार पडल्याशिवाय दुसरं दुकान घेऊ नका, कुणी कितीही भरीला घातलं तरी. फ्रँचाइझी घेत असाल तर सही करण्याआधी करार माझ्याकडे किंवा एखाद्या ओळखीच्या सीएकडे घेऊन या. माल त्यांच्याकडूनच, त्यांच्याच भावानं घ्यायचा, अशी अट त्यात बहुतेक वेळा असते, आणि ती कुठल्या पानावर असते ते मी दाखवतो.