'आमच्यामध्ये' म्हणजे कुणामध्ये?

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळच्या दिवशी चर्चमध्ये बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचतात. त्यात एक वाक्य येतं : 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.' शब्द म्हणजे देवाचा पुत्र, ख्रिस्त. लहानपणापासून मी ते वाक्य ऐकत आलो. त्यातला 'आमच्यामध्ये' हा शब्द मात्र पुढे कधीतरी अडला, आणि अडला तो आकाशाकडे बघताना. आमच्यामध्ये म्हणजे नेमकं कुणामध्ये?

१९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. तो तारा आपल्यापासून सुमारे ५० प्रकाशवर्षं दूर आहे. तेव्हापासून असे ५,०००हून अधिक ग्रह सापडले. जीव अजून कुठेच सापडलेला नाही, बुद्धिमान जीव तर नाहीच. पण समजा, उद्या सापडला. मग बेथलेहेमात जन्मलेला, यरुशलेमेबाहेर क्रुसावर मेलेला ख्रिस्त त्यांचा कोण?

हा प्रश्न दुर्बिणीपेक्षा जुना आहे. पॅरिसच्या विद्यापीठात ॲरिस्टॉटल शिकवला जाई, आणि त्याच्या मते जग एकच, दुसरं असूच शकत नाही. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यांत 'देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही' हेही एक होतं. बिशपांना दुसरी जगं आहेत असं म्हणायचं नव्हतं. देवाचे हात कुणी बांधू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्या एका मनाईने पुढच्या विचारवंतांना दार उघडं झालं.

त्या दारातून आत गेलेल्यांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो पंधराव्या शतकातला फ्रान्सिस्कन धर्मपंडित गियोम द व्होरुयाँ. त्याने सरळच विचारलं : दुसऱ्या जगात माणसं असली तर ती बायबलमधल्या पहिल्या माणसासारखी, आदामासारखी, पापात पडली असतील का? त्याचं उत्तर, नाही. ती आदामाच्या वंशातली नाहीत. मग ख्रिस्ताचं इथलं मरण त्यांना तारू शकेल का? हो, जगं अगणित असली तरी. आणि ख्रिस्ताने तिथे जाऊन पुन्हा मरावं का? ते उचित नाही, असं तो म्हणाला. साडेतीन शतकांनी, १७९४ साली, टॉमस पेन या लेखकाने हाच धागा उलटा ओढला. प्रत्येक जगात पाप असेल तर देवाच्या पुत्राला एका जगातून दुसऱ्या जगात जाऊन मरत राहण्यावाचून दुसरं कामच उरणार नाही, असा त्याचा टोला. पेन ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, पण त्याने बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलं होतं.

आपल्या कानांना अवतार हा शब्द सवयीचा. धर्माला ग्लानी आली की देव पुन्हा येतो, मत्स्य होऊन, वराह होऊन. ख्रिस्ती देहधारण तसं नाही. ते एकदाच, आणि म्हणूनच अडचण होते. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताने म्हटलं होतं, की जे ख्रिस्ताने धारण केलं नाही ते बरं झालं नाही. ख्रिस्ताला मानवी मन नव्हतं, असं मानणाऱ्यांना ते उत्तर होतं. आज ते वाक्य वाचलं की मन थबकतं. ज्यांचा देह आपल्यासारखा नाही, त्यांचा देह त्याने धारण केलाच नाही. मग ते बरे व्हायचे कसे?

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने एक वाट मोकळी ठेवली. देवाच्या पुत्राला आणखी एक मनुष्यपण धारण करता येईल का, असा प्रश्न घेऊन तो म्हणाला, येईल; अनंताचं सामर्थ्य एका निर्मित वस्तूत संपत नाही. जग एकच आहे असं स्वतः मानणाऱ्या माणसाने हे लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी माझं मन व्होरुयाँकडेच झुकतं, आणि त्याचं कारण त्याच नाताळच्या वाक्यात आहे. 'शब्द मनुष्य झाला' असं योहान लिहू शकला असता. त्याने ग्रीकमध्ये 'सार्क्स' लिहिलं, म्हणजे मांस, नाशवंत देह. नोहाच्या जलप्रलयाच्या कथेत 'सर्व देहधारी' म्हटलं जातं तेव्हा त्यात गुरंढोरं, पाखरंही येतात. डेन्मार्कचे धर्मशास्त्रज्ञ नील्स ग्रेगर्सन यांनी हा धागा अलीकडे पुढे नेला : ख्रिस्ताने मानवी कातडीपुरता नव्हे, तर जन्मणाऱ्या आणि मरणाऱ्या सगळ्या जड सृष्टीचा भाग होऊन देह घेतला. त्याच्या रक्तातलं लोह कुठल्यातरी ताऱ्याच्या पोटात घडलं होतं. दुसऱ्या ग्रहावर कुणी असेल तर त्याच्या अंगातलं लोहही ताऱ्यांतच घडलेलं असणार. 'आमच्यामध्ये' या शब्दाची वेस मला तिथे दिसते, माणसाच्या उंबऱ्यावर नाही.

व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे संचालक, जेसुइट फादर होसे फुनेस, २००८ साली एका मुलाखतीत हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याकडे वळले. शंभरांतली नव्याण्णव सोडून मेंढपाळ एकाच्या शोधात जातो. फुनेस म्हणाले, ते हरवलेलं मेंढरू कदाचित आपण असू. हा दाखला मी कितीदा ऐकला असेन, पण ती नव्याण्णव ताऱ्यांमध्ये चरत असतील हे कधी मनात आलं नव्हतं.

आणि २०१४च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात विचारलं : उद्या मंगळावरून काहीजण आले, हिरवे, लांब नाकाचे, आणि त्यातला एक म्हणाला की मला बाप्तिस्मा हवा, तर? त्या दिवशीचा पाठ बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला होता. कर्नेल्य हा रोमन शताधिपती, यहुदी नसलेला, परका. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने त्याच्या घरात पाऊल टाकलं म्हणून यरुशलेमेतले विश्वासणारे रागावले. पेत्राने त्यांना सांगितलं, आपल्याला मिळालं तेच दान देवाने त्यांनाही दिलं, तर देवाला अडवणारा मी कोण?