दिवाळी अंकांच्या पत्त्यांची यादी

(दृश्य: वाचनालय, स्कॅनर, जुने अंक)

तालुक्याच्या गावातलं हे सार्वजनिक वाचनालय. जुने दिवाळी अंक एकेक करून स्कॅन होतायत. पिवळ्या पडलेल्या पानाची कड तुटू नये म्हणून हात किती जपून फिरतोय, पाहा. स्कॅन झालेल्या प्रत्येक अंकाला वाचनालयाच्या वेबसाइटवर स्वतःचं पान मिळतं.

पण त्या पानाकडे जायची वाट एकच होती, शोधाची चौकट. तिथं अंकाचं नाव टाइप केलं तरच तो समोर यायचा. सर्च इंजिनचा क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं शोधत फिरणारा प्रोग्रॅम, नावं टाइप करत बसत नाही. तो एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जातो. लिंकच नसेल, तर इतक्या मेहनतीनं चढवलेलं पान त्याला सापडणार कसं?

(दृश्य: संगणकाचा पडदा)

हा साइटमॅप, क्रॉलरसाठी ठेवलेली फाइल. पानांचे पत्ते एकाखाली एक, सोबत शेवटच्या बदलाची तारीख. गूगलनं ही पद्धत २००५ साली आणली, २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनंही ती स्वीकारली. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते बसतात. त्याहून जास्त असतील तर फाइली वेगळ्या करायच्या आणि त्या फाइलींचीही एक यादी द्यायची.

टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली ही ओळ म्हणजे मराठी पत्ता. देवनागरी अक्षरं इथं सांकेतिक रूपात लिहावी लागतात. नुसत्या ‘पुणे’ची ३६ चिन्हं होतात. हे काम सॉफ्टवेअर करतं. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये तर २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून साइटमॅप आपोआप बनतो. मराठी मजकूर नेटवर ठेवणाऱ्या संस्थांनी तो टाळावा असं एकही कारण उरलेलं नाही.

तारीख मात्र खरीच हवी. काही न बदलता रोज नवी तारीख टाकली, तर गूगल त्या तारखा धरतच नाही.

साइटमॅपच्या फाइलचा पत्ता ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ या क्रॉलरसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिला, की क्रॉलरला तो मिळतो.

(दृश्य: मोबाइलवर यादी पाहणारे आजोबा)

आणि हे पान माणसांसाठी. आधी वर्ष, त्याखाली त्या वर्षीचे अंक. आजोबांना अंकाचं नाव आठवत नाही, वर्ष पक्कं आठवतं. शोधाच्या चौकटीत ते काय टाइप करणार होते? इथं बोटानं यादी सरकवत ते थेट त्या दिवाळीपर्यंत पोचले. याच लिंक क्रॉलरलाही चालतात.

साइटमॅप दिला म्हणजे प्रत्येक पान शोधात येईलच असं नाही, ते सर्च इंजिन ठरवतं. इथले काही अंक आता शोधात दिसतात, बाकीचे अजून नाहीत.