सहीचा बुधवार

(एका महाराष्ट्र मंडळात पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मी डॅलसजवळच्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गेली १९ वर्षं रसायनशास्त्र शिकवते. खेळांशी माझा संबंध एवढाच की माझ्या वर्गातली बरीचशी मुलं खेळतात, आणि सामन्यांमुळे बुडलेले प्रयोग मी त्यांच्याकडून शनिवारी करून घेते. मला आज बोलायचंय ते एका टेबलाबद्दल, ज्यावर बसून आमची खेळाडू मुलं आपण कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्या कागदावर सही करतात.

२०१८ सालचा नोव्हेंबर, दुसरा बुधवार. भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले होते. शाळेच्या जिममध्ये एक लांब टेबल मांडलेलं, त्यावर शाळेच्या रंगाचं कापड. मागे सात खुर्च्या, प्रत्येकीसमोर एकेका कॉलेजची टोपी, त्या त्या रंगांचे फुगे, कडेला केक. समोर बाकड्यांवर निम्मी शाळा. सातपैकी एक मुलगी मराठी होती, पोहणारी. तिची आजी सांगलीहून दिवाळीला आली होती, ती जरीकाठाचं नेसून पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली. फुगे, केक, कॅमेरे सगळं नीट न्याहाळून तिने मला हळूच विचारलं, "हा साखरपुडाच म्हणायचा का गं?"

मी हो म्हणाले. आणि तेव्हापासून इथल्या नव्या पालकांना मी हे असंच समजावते. बोलणी आधीच झालेली असतात. मुलाकडचे म्हणजे कॉलेजचे कोच दोन-दोन वर्षं येऊन मुलीला पाहून गेलेले असतात. तोंडी होकार गेलेला असतो. त्याला इथे व्हर्बल कमिटमेंट म्हणतात, आणि तो दोन्हीकडून मोडू शकतो, मोडतोही. मग याद्या होतात, आणि याद्यांवर सह्या होतात. ती सही चारचौघांत व्हावी म्हणून हा बुधवार.

या यादीचं नाव होतं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट. १९६४ साली ती सुरू झाली, कारण कॉलेजं एकमेकांची मुलं शेवटच्या दिवसापर्यंत पळवत होती. पोरगा सामान घेऊन निघाला तरी दुसऱ्या कॉलेजचा माणूस त्याच्या दारात. तेव्हा ठरलं की एकदा या कागदावर सही झाली की बाकी सगळ्यांनी त्या मुलाचा नाद सोडायचा. कॉलेजने एक वर्षाची शिष्यवृत्ती द्यायची, मुलाने तिथे एक वर्ष शिकायचं. मुलगा फिरला तर दुसरीकडे त्याचं खेळण्याचं एक वर्ष जायचं. मुलगा लहान असेल तर पालकांचीही सही लागायची. फुटबॉलवाल्यांचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा, दिवस फेब्रुवारीचा पहिला बुधवार. २०१७ पासून त्यांना डिसेंबरातही सही करता येऊ लागली आणि आता बहुतेकजण तेव्हाच उरकतात. पोहणं, टेनिस, व्हॉलीबॉल, गोल्फ यांचं नोव्हेंबरात.

आता जी गोष्ट बाकड्यांवरच्या निम्म्या शाळेला ठाऊक नसते ती सांगते. त्या बुधवारी सकाळी सातपासून सही करता यायची, आणि ती ऑनलाइन व्हायची. आमच्या मुलीने आणि तिच्या बाबांनी सात वाजून काही मिनिटांनी स्वयंपाकघरातच फोनवर सही करून टाकली होती. दुपारी टेबलावर होता तो छापून आणलेला कागद. त्याला कायद्याने काहीच अर्थ नव्हता.

मला हे कळलं तेव्हा आधी वाईट वाटलं. मग वाटलं, साखरपुड्याच्या पेढ्याला तरी कायद्याने काय अर्थ असतो? गावासमोर सांगितलं, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो थोडा नाही. इथे मुलं १८ वर्षांची होऊन घर सोडतात, आणि त्या जाण्याला आपल्याकडच्यासारखा कुठला विधी नाही. एक गाडी भरायची आणि निघायचं. हे टेबल म्हणजे त्या मुलांना मिळालेला एक विधी आहे. म्हणून मला ते मनापासून आवडतं.

पण आपण पालक तिथे काय करतो? केक कापायच्या आत कुणीतरी कानाशी येऊन विचारतं, "फुल राइड का?" म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली का. त्या दिवशी तीन जणांनी त्या बाबांना हे विचारलं. तिघेही आपलेच होते.

ज्यांनी विचारलं त्यांना आकडे माहीत असते तर त्यांनी विचारलं नसतं, असं मला वाटतं. डिव्हिजन वन म्हणजे कॉलेजच्या खेळांचा सगळ्यात वरचा गट. त्यातल्या मोठ्या फुटबॉल संघाला तेव्हा ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. मुलींच्या पोहण्याच्या संघाला १४, मुलांच्या ९.९, बेसबॉलला ११.७. हे दशांश बघा. पोहणाऱ्या मुली संघात असायच्या पंचवीस-तीस, आणि कोच त्या चौदाचे तुकडे करून वाटायचा. कुणाला अर्धी, कुणाला फक्त पुस्तकांपुरती. डिव्हिजन थ्री नावाचा जो सगळ्यात मोठा गट आहे, जिथे दोन लाखांच्या आसपास मुलं खेळतात, तिथे खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये आहेत तिथेही नाही. या देशात हायस्कूलमध्ये ८० लाखांहून जास्त मुलं खेळतात. एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी संस्था, तिच्या सगळ्या कॉलेजांत मिळून पाच लाखांहून थोडी जास्त. त्या टेबलामागे बसणं हेच इतकं अवघड आहे, की वर पैशांचा हिशेब मागू नये.

टेबलाचा मोह काय करू शकतो, ते २००८ च्या फेब्रुवारीत नेवाडातल्या एका छोट्या गावात दिसलं. तिथल्या एका फुटबॉलपटूने भरलेल्या जिममध्ये, कॅमेऱ्यांसमोर दोन विद्यापीठांच्या टोप्यांतून एक उचलली आणि टाळ्या घेतल्या. काही दिवसांतच उघड झालं की दोन्ही विद्यापीठांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा देशभर त्या मुलाची चेष्टा झाली. मला आजही त्या मुलाची काळजी वाटते. ज्या वयात नापास झाल्याचं घरी सांगवत नाही, त्या वयात "मला कुणी निवडलं नाही" हे अख्ख्या गावाला सांगायचं कसं? आपण त्याच्यासमोर टेबल मांडलं होतं, आणि टेबल नसलेल्या मुलाने कुठे बसायचं हे ठरवलं नव्हतं.

आमच्याच शाळांमध्ये हे घडतं, मी पाहिलंय. एका शाळेत फुटबॉलच्या मुलांसाठी बँड, चीअरलीडर, दोन तास सुट्टी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणाऱ्या एका मुलाने डिव्हिजन थ्रीच्या छोट्या कॉलेजची निवड केली. त्याला वाचनालयात दहा मिनिटं मिळाली. मी, त्याचे कोच, त्याची आई आणि ग्रंथपाल. फोटो मीच काढला, तोही हलला. तो मुलगा चार वर्षं पहाटे साडेपाचला धावत होता, टेक्सासच्या ऑगस्टमध्येसुद्धा. मला त्या दिवशी शाळेचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

ह्यूस्टनच्या येस प्रेप शाळांनी साधारण २००१ पासून एक वेगळी वाट घेतली. फुटबॉलवाल्यांचा सोहळा पाहून त्यांनी ठरवलं की कॉलेजात जाणारा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी असंच सर्वांसमोर नाव सांगेल. त्यातली बरीचशी मुलं आपापल्या घरातून कॉलेजात जाणारी पहिली. २०१४ पासून मिशेल ओबामांनीही मे महिन्यातला असा दिवस देशभर उचलून धरला. आमच्या शाळेत आम्ही काही शिक्षक तीन वर्षं भांडलो, तेव्हा कुठे मे महिन्यातला एक दिवस मिळाला. त्या दिवशी सगळ्यांना तेच कापड, तेच टेबल. गेल्या वर्षी त्यावर वेल्डिंगच्या अप्रेंटिसशिपचा कागद होता, नौदलाचा होता, आणि एका मुलीचा नर्सिंगचा.

नियम तर झपाट्याने बदलताहेत. ज्या लेटर ऑफ इंटेंटबद्दल मी एवढं बोलले, ते एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदच केलं; आता कॉलेज आणि मूल यांच्यात थेट आर्थिक मदतीचा करार होतो. २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांचे ते दशांश गेले, त्यांच्या जागी संघात किती मुलं ठेवायची याच्या मर्यादा आल्या, आणि त्यामुळे काही संघांतली मुलं जागाच गमावून बसली. कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू जिथे नाव नोंदवतात त्या ट्रान्सफर पोर्टलमुळे कॉलेज बदलणंही सोपं झालंय. तेव्हा तुमचं मूल आज दहावीत असेल तर मागच्या वर्षीच्या शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. करार स्वतः वाचा. दुखापत झाली तर काय, कोच बदलला तर काय, रक्कम दरवर्षी नव्याने ठरणार का, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारा. टेबल मांडल्यावर कुणी विचारत नाही.

पुन्हा त्या जिममध्ये येते. सातही मुलांनी टोप्या घातल्या, टाळ्या झाल्या. मग प्रत्येकाला माईक दिला. आमच्या मुलीने कोचचे आभार मानले, आईचे मानले, आणि म्हणाली की बाबा नऊ वर्षं पहाटे साडेचारला मला तलावावर सोडायचे आणि गाडीतच झोपायचे. त्या गृहस्थांना मी मंडळाच्या गणपतीत दहा वर्षं ओळखत होते. खुर्च्या मांडणारा, हिशेब ठेवणारा शांत माणूस. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

फोटोसाठी मुलीने छापील कागदावर सही केली, खाली बाबांनी केली. आजी उठून टेबलाशी गेली आणि मराठीतच विचारलं, "माझी कुठे?" कागदावर तशी ओळ नव्हती. मुलीने कोचना सांगितलं. उंच, टक्कल पडलेले टेक्सासचे गृहस्थ. त्यांनी क्षणभर कागदाकडे पाहिलं, बाबांच्या सहीच्या खाली पेनाने एक सरळ रेघ ओढली आणि पेन आजीपुढे धरलं. आजीने चष्मा लावला. देवनागरीत, एकेक अक्षर सुटं सुटं, पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. मग पर्समधली कुंकवाची डबी काढून नातीला टोपी काढायला सांगितली.