भुरी खायला लागते

(दृश्य: पांढऱ्या ट्रेमध्ये लेंड्या, शेजारी मोजपट्टी)

ट्रेमधल्या या लेंड्या नीट पाहा. बारीक, काळ्या, टणक, वेड्यावाकड्या. अख्ख्या रात्रीत एवढ्याच पडल्या. धडधाकट ससा एका दिवसात शंभरावर लेंड्या टाकतो. त्या गोल आणि सारख्या आकाराच्या असतात, बोटांत चुरडल्या तर आत नुसता गवताचा भुसा निघतो.

सशाच्या तब्येतीची पहिली बातमी इथे मिळते. चेहऱ्यावर काही दिसत नाही. ज्याची शिकार होते असा हा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या अंगातच असतं. म्हणून पुढच्या काही मिनिटांत लेंड्या तुम्हाला वरचेवर दिसणार आहेत. जेवताना बघत असाल तर आधीच सांगितलेलं बरं.

(दृश्य: वजनकाटा, डॉक्टरांचा हात)

ही भुरी. मादी आहे. वजन १,१४० ग्रॅम. तिच्या हाडापेराच्या मादीचं वजन दोन किलोच्या आसपास हवं. डॉक्टरांची बोटं तिच्या पाठीवरून फिरताहेत ती बघा. एकेक मणका वेगळा लागतोय, कमरेच्या हाडांवर मांस उरलेलं नाही. अंगावर दाट केस असले की ससा लांबून गुबगुबीतच दिसतो. हात लावल्याशिवाय त्याची उपासमार कळत नाही.

भुरी कुणाकडे होती, किती दिवस अशी होती, हे या फिल्ममध्ये नाही. तिथे कॅमेरा नव्हता. तिचा पिंजरा मात्र तिच्यासोबत आला, तो सावकाश बघू.

(दृश्य: पिंजरा, वरून आणि मग तळातून)

लांबी तिच्या अंगाच्या जेमतेम दुप्पट. मागच्या दोन पायांवर उभं राहायला उंची नाही. तळाला तारेची जाळी. कुत्र्या-मांजराच्या पावलाला गादी असते, सशाच्या पावलाला ती नसते, फक्त केस असतात. तारेवर बसून बसून ते केस झिजतात आणि मग कातडी उघडी पडते. भुरीच्या मागच्या दोन्ही टाचांवर हे लाल चट्टे दिसताहेत ते त्याचेच. नखं इतकी वाढलीत की पाऊल सपाट टेकतच नाही.

आता कोपऱ्यातली वाटी. तिच्यात दाणे आहेत, बिया आहेत, पावाचा वाळलेला तुकडा आहे. वाटी रिकामी नव्हती. कुणीतरी रोज काहीतरी टाकत होतं, आणि वाटीशेजारी ही उपाशी होती.

(दृश्य: ओठ बाजूला करून दात)

कारण इथे आहे. वरचे पटाशीचे दात आत वळलेत, खालचे बाहेर आलेत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर. रोज तासन् तास गवत चावलं की दात एकमेकांवर घासून आपोआप झिजतात. दाणे आणि पाव दोन चाव्यांत संपतो, त्यात झीज होत नाही. जबड्याचा मेळ एकदा बिघडला की मागच्या दाढांना कडेने टोकं फुटतात आणि ती जिभेला किंवा गालाला रुततात. समोर अन्न दिसतं, ससा वाटीपाशी येतो, हुंगतो, एखादा दाणा उचलतो आणि टाकून देतो. बघणाऱ्याला वाटतं, नखरे करतोय.

दात लगेच कापायचे नव्हते. आधी ऊब द्यायची होती.

(दृश्य: थर्मामीटर, टॉवेलमध्ये गुंडाळलेली भुरी)

सशाच्या अंगाचं तापमान साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. भुरीचं ३७.२ भरलं. माणसाला हा आकडा नॉर्मल वाटेल, सशासाठी ती धोक्याची खूण आहे. गार पडलेल्या सशाच्या तोंडात काही घालायचं नसतं, कारण आतडं थंडावलेलं असतं. म्हणून गरम पाण्याची पिशवी, तीही टॉवेलच्या घडीतून, आणि एका बाजूलाच, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल. कातडीखाली दिलेलं सलाईनसुद्धा कोमट केलेलं. सोबत वेदनाशामक औषध. दुखत असेल तर ससा खात नाही आणि खाल्लं नाही तर पोट आणखी दुखतं. हे चक्र कुठून तरी तोडावं लागतं.

(दृश्य: सिरिंज भरताना)

उपाशी प्राणी दिसला की आपला हात आपसूक वाटी भरायला जातो. इथे तो आवरावा लागतो. बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तग धरतं. अशात पिष्ट आणि साखर एकदम पोटात गेली की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते कमी पडलं की हृदय अडखळतं. माणसांमध्ये हे दुसऱ्या महायुद्धानंतर प्रकर्षाने दिसलं. छावण्यांतून सुटलेल्या उपाशी लोकांपैकी काही जण पोटभर जेवण मिळाल्यानंतर दगावले.

सशाचं आणखी एक आहे. त्याला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे आणि त्यासाठी तंतू लागतात. आतडं थांबलं की आतल्या जिवाणूंचा तोल जातो, वायू धरतो, ससा आणखी खात नाही, साठवलेली चरबी यकृतात येऊन बसते. धडधाकट सशानेही अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे न्यायचं असतं, उद्यावर ढकलायचं नसतं.

सिरिंजमध्ये दिसतोय तो गवताच्या तंतूंची पूड भिजवून केलेला लगदा. तृणभक्षी आजारी प्राण्यांसाठी ती तयार मिळते. पूर्ण खुराक म्हणजे किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली, तोही पाच-सहा वेळांत विभागून. भुरीला सुरुवातीला त्याच्या निम्माही दिला नाही.

(दृश्य: सिरिंजने भरवताना, जवळून)

हात कसा धरलाय ते बघण्यासारखं आहे. भुरी चारही पायांवर टेबलावर बसलेली आहे, अंगाभोवती टॉवेल. सिरिंज समोरून घातलेली नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून कडेने टोक आत जातं. एका वेळी अर्धा मिली, फार तर एक. मग थांबायचं. जबडा हलला, गिळलं, की पुढचा घास. घाईत लगदा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि एवढ्या अशक्त सशाला तो झेपत नाही.

तिला उताणं का नाही धरलं? पाठीवर निजवलेला ससा गप्प पडून राहतो, डोळे अर्धवट मिटतो, आणि असे व्हिडिओ लोक हौसेने टाकतात. तो ससा निवांत झालेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर अंग टाकून द्यावं तशी ती अवस्था असते. शिवाय त्यातून सुटायला त्याने जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. मागच्या पायांची ताकद मोठी आणि हाडं हलकी, अशी सशाची घडण आहे.

(दृश्य: कात्री आणि कंगवा)

शेपटीखालचे केस मूत्र आणि विष्ठेने गच्च चिकटले होते. आंघोळ घालून मोकळं झालं असतं की, असं बऱ्याच जणांना वाटेल. पण सशाची आतली लव भिजली की लवकर वाळत नाही, अंग गार पडतं आणि धसक्याने तो मरूही शकतो. म्हणून गाठीखाली कंगवा सरकवायचा आणि कंगव्यावरच कापायचं, म्हणजे कात्री कातडीला लागत नाही. कातडी कागदासारखी पातळ असते. त्या भागात माश्यांनी अंडी घातली असती तर गोष्ट इथेच संपली असती.

मानेवरचा कोंडा कॅमेऱ्याने चांगला पकडलाय. नीट बघितलं तर तो हलतोय. कोंड्याखाली बारीक किडे आहेत. त्याला सशाला चालणारं औषध आहे, पण कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशाच्या जिवावर बेततं. तसंच पोटात दिलेलं अमॉक्सिसिलिन. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी ही गोळी सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारते आणि पाठोपाठ ससाही जातो. घरातलं उरलेलं औषध सशाला देऊ नका, एवढं आम्ही ठणकावून सांगतो.

(दृश्य: वजनाची वही)

वजन रोज सकाळी, एकाच वेळी, त्याच काट्यावर. पहिल्या नोंदी भराभर वर गेल्यात, पण ते नुसतं पाणी. कोरडं पडलेलं अंग भरून आलं. मग आकडा थोडा खाली आला, आणि मग रोज पाच-दहा ग्रॅमने चढू लागला. ही सावकाश चढण खरी.

(दृश्य: रात्रीचा कॅमेरा, भुरी मान पोटाखाली घालते)

हे दृश्य मिळावं म्हणून रात्रीचा कॅमेरा लावला होता. भुरी मान वळवून पोटाखाली घालते, काहीतरी थेट तोंडात घेते आणि न चावता गिळते. सशाच्या आतड्यात जिवाणूंनी भरलेली एक मोठी पिशवी असते. तिथे आंबलेला भाग मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो आणि ससा तो पुन्हा खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. किळस वाटण्यासारखं काही नाही, त्याचं पचनच दोन फेऱ्यांत होतं. भुरीचं हे खाणं परत सुरू झालं, म्हणजे ती पिशवी चालू झाली आणि तिथवर मान वळवण्याइतकी ताकदही आली. टीममध्ये त्या रात्री जो काही आनंद झाला तो या चार सेकंदांमुळे.

(दृश्य: शस्त्रक्रियेचं टेबल)

अंगात थोडा दम आल्यावर दात. पटाशीचे दात नखं कापायच्या कात्रीने तोडले की उभे चिरतात आणि चीर मुळापर्यंत जाऊ शकते, म्हणून फिरत्या बारीक चाकाने घासले. दाढांसाठी भूल. भुलेआधी माणसाला उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. उलटीचा धोकाच नाही आणि आतडं थांबवणं परवडत नाही. जिभेच्या कडेवरची जखम दिसतेय, ती दाढेच्या टोकाने केलेली.

(दृश्य: गवताचा ढीग; भुरी खातेय, आवाज तसाच ठेवावा)

वाळलेलं गवत. तिच्या अंगाएवढा ढीग, चोवीस तास समोर. सशाच्या आहारात जवळजवळ सगळा वाटा याचाच हवा, बाकी थोडा पाला आणि अगदी मोजक्या तयार गोळ्या. भुरीचं वजन वाढावं म्हणून काही काळ लसूणघास मिसळला होता, मग बंद केला, कारण त्यात कॅल्शियम जास्त असतं. चित्रांतल्या सशाच्या हाती नेहमी गाजर असतं, पण गाजरात साखर बरीच असते, ते खाऊ म्हणूनच ठीक.

पाणी उघड्या भांड्यात, तळाला मऊ अंथरूण, लपायला दोन तोंडांचा खोका. तिला उचलणं कमी केलं. कुणीतरी नुसतं जमिनीवर बसून आपलं काम करायचं, ती आली तर आली.

(दृश्य: भुरीची उडी, संथ गतीत)

धावता धावता उडी, आणि हवेतच कंबर एकीकडे, डोकं दुसरीकडे. या शॉटवर निवेदन नको.

(दृश्य: ट्रे, वजनकाटा, मग प्रवासाची पेटी)

लेंड्या आता मोठ्या, फिकट तपकिरी, गवताच्या. वजन १,९२० ग्रॅम. टाचा भरल्या, वर नवे केस आलेत. जबडा मात्र सुधारणार नाही, दात काही आठवड्यांच्या अंतराने घासत राहावे लागतील. न काढलेल्या गर्भाशयात वाढत्या वयात कर्करोग होण्याचं प्रमाण सशांच्या माद्यांमध्ये मोठं आहे, त्यामुळे वजन स्थिर राहिल्यावर तीही शस्त्रक्रिया झाली. नव्या घरी खच्चीकरण झालेला एक नर आहे. दोघांना आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवतील, आणि समोरासमोर आणतील ते दोघांनाही अनोळखी असलेल्या खोलीत. पेटीसोबत गवताचं पोतं, वजनाची वही आणि दात दाखवायची पुढची तारीख दिली आहे.