नमुना नेमका कधी घेतला?

[पडद्यावर: 1 गिगाहर्ट्झची साइन लहर. ती शून्यरेषा ओलांडते तिथे कॅमेरा जवळ जातो.]

ही लहर सेकंदाला 100 कोटी वेळा वरखाली होते. तिचे आकडे करणारा अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी, तिच्याकडे सलग पाहत नाही. क्लॉकची, म्हणजे ठेका देणाऱ्या सिग्नलची, एज (चढती कड) आली की त्या क्षणाचं व्होल्टेज तो धरून ठेवतो आणि त्याचा आकडा करतो. हा एक नमुना. पुढची एज, पुढचा आकडा. या आकड्यांबरोबर वेळ कुठेही लिहिलेली नसते. नमुने अगदी सारख्या अंतराने घेतले आहेत असं धरूनच नंतरचं सगळं गणित चालतं.

आता ही शून्यरेषेची जागा पाहा. लहर इथे सर्वांत उभी असते. इथे नमुना 1 पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, उशिरा पडला, तर व्होल्टेज शिखरमूल्याच्या सुमारे 0.63 टक्क्यांनी चुकतं. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 0.3 मिलिमीटर पुढे सरकतो. तरी 8 बिटांच्या, म्हणजे व्होल्टेज 256 पायऱ्यांत मोजणाऱ्या, एडीसीची जवळजवळ एक पायरी त्यात गेली. 12 बिटांचा, म्हणजे 4096 पायऱ्यांचा असेल, तर जवळपास 13 पायऱ्या.

[पडद्यावर: लहर तीच, नमुन्यांचे ठिपके डावी-उजवीकडे थरथरतात.]

प्रत्येक नमुना असा थोडा अलीकडे-पलीकडे पडू लागला, की त्याला जिटर म्हणतात. 1 गिगाहर्ट्झच्या सिग्नलवर सरासरी 1 पिकोसेकंद जिटर असेल, तर सिग्नल आणि नॉइज (त्यात मिसळलेली नकोशी खळबळ) यांचं गुणोत्तर 44 डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे हाती आले साधारण 7 बिट, मग चिपवर 14 बिट छापलेले का असेनात. जिटर 100 फेम्टोसेकंदांवर, म्हणजे पिकोसेकंदाच्या दहाव्या भागावर आणला, तर 64 डेसिबल आणि 10 पेक्षा थोडे जास्त बिट मिळतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिथेच बरेच जण फसतात. हा तोटा ठरतो तो येणाऱ्या सिग्नलच्या वारंवारतेवर. सॅम्पलिंगचा, म्हणजे नमुने घेण्याचा, वेग कमी ठेवला, तरी आत येणारा सिग्नल उंच वारंवारतेचा असेल, तर क्लॉक तितकाच स्वच्छ लागतो.

[पडद्यावर: क्लॉकची तिरकी एज. तिच्यावर नॉइजचा जाड पट्टा.]

जिटर येतो कुठून? ही एज ठरावीक पातळी ओलांडते तो आपला क्षण. तिच्यावर नॉइज बसला, की क्षण सरकतो. एजचा चढ नॅनोसेकंदाला 1 व्होल्ट असेल आणि नॉइज 1 मिलिव्होल्ट, तर वेळ 1 पिकोसेकंदाने हलते. चढ दहापट उभा केला, तर तोच नॉइज दहावा भाग वेळ हलवतो. म्हणून क्लॉकची एज उभी हवी, त्याची जोडी डिफरन्शियल (एकमेकींच्या उलट चालणाऱ्या दोन तारांची) हवी, क्लॉक पुढे पोहोचवणारे बफर कमीत कमी हवेत आणि त्यांचा वीजपुरवठा वेगळा, शांत हवा. एफपीजीएच्या, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या डिजिटल चिपच्या, पिनवरून सोयीने मिळणारा क्लॉक एडीसीला देणं मला अजिबात मान्य नाही. त्या चिपच्या आत हजारो गेट उघडझाप करत असतात आणि त्या सगळ्यांचा धक्का त्या एजला बसतो.

क्लॉकचा जिटर आणि एडीसीचा स्वतःचा अंगभूत जिटर यांची साधी बेरीज होत नाही, वर्गांची होते आणि मग वर्गमूळ घ्यायचं. 80 आणि 60 फेम्टोसेकंद मिळून 100 होतात. त्यामुळे दोन्हींतला मोठा आधी गाठावा. आणि एकदा जिटर नमुन्यात शिरला की तो मागाहून काढता येत नाही, कारण कुठल्या नमुन्याला किती धक्का बसला हे कोणालाच माहीत नसतं.

[पडद्यावर: एका इनपुटला जोडलेले चार एडीसी, पाळीपाळीने उजळतात.]

दुसरी चूक वेगळ्या स्वभावाची आहे. एका एडीसीचा वेग पुरेना, म्हणून अनेक एडीसी पाळीपाळीने नमुने घेऊ लागले. 1980 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून विल्यम ब्लॅक आणि डेव्हिड हॉजेस यांनी ही टाइम-इंटरलीव्हिंगची रचना मांडली. 2003 मध्ये अ‍ॅजिलेंटच्या अभियंत्यांनी एका चिपवर असे 80 एडीसी बसवून सेकंदाला 2000 कोटी नमुन्यांचा वेग गाठला.

पण पाळी सारखी पडायला हवी. एका चॅनलची, म्हणजे पाळीतल्या एका एडीसीची, तार किंचित लांब असते, एका स्विचचा ट्रान्झिस्टर किंचित वेगळा असतो, आणि तो चॅनल कायम थोडा उशिरा नमुना घेतो. हा टायमिंग स्क्यू. रोज पाच मिनिटं मागे असणाऱ्या घड्याळावरही माणूस वेळेवर पोहोचतो, फक्त ती पाच मिनिटं ठाऊक हवीत. कधी पुढे, कधी मागे धावणाऱ्या घड्याळाचा इलाज नाही. स्क्यू पहिल्या जातीचा आहे, जिटर दुसऱ्या. माझ्या मते या विषयातली सगळी हुशारी हा भेद ओळखण्यात आहे: जिटर उगमापाशी अडवायचा, स्क्यू मोजून काढून टाकायचा.

[पडद्यावर: स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेत किती जोर आहे याचा आलेख. 900 मेगाहर्ट्झवर उंच रेघ, 1100 वर छोटी रेघ.]

दोन चॅनल, मिळून सेकंदाला 400 कोटी नमुने, आत 900 मेगाहर्ट्झचा सूर, म्हणजे एकाच वारंवारतेची लहर. दोघांत 1 पिकोसेकंदाचा स्क्यू असेल, तर 1100 मेगाहर्ट्झवर एक खोटा सूर उभा राहतो, मूळ सुरापेक्षा सुमारे 51 डेसिबल खाली. रडारमध्ये असा सूर खऱ्या लक्ष्यासारखा दिसू शकतो. चॅनलांच्या गेनमधल्या (सिग्नल किती पट मोठा होतो त्यातल्या) फरकाचा सूरही नेमका याच जागी येतो. ओळखायची खूण अशी: इनपुटची वारंवारता वाढवली की स्क्यूच्या सुराची उंची वाढते, गेनच्या सुराची तेवढीच राहते.

स्क्यू मोजण्याची एक देखणी पद्धत स्टॅनफर्डच्या मनार एल-शम्मास आणि बोरिस मुरमन यांनी 2011 मध्ये दाखवली. सेकंदाला 1200 कोटी नमुने घेणाऱ्या, 5 बिटांच्या, आठ चॅनलांच्या एडीसीशेजारी त्यांनी फक्त 1 बिटाचा एक जादा कन्व्हर्टर ठेवला. तो आळीपाळीने प्रत्येक चॅनलच्या सोबतीने नमुना घेतो. दोघांच्या आकड्यांचं कोरिलेशन, म्हणजे आपसातला मेळ, सर्वांत जास्त कधी? दोघांचा क्षण जुळतो तेव्हा. ते शिखर सापडेपर्यंत त्या चॅनलच्या क्लॉकचा उशीर हलवायचा. मुख्य काम चालू असतानाच हे पाठीमागे होतं, आणि तसंच व्हायला हवं, कारण तापमान बदललं की स्क्यूही बदलतो.

याला मर्यादा आहेत. उशीर बदलणारं सर्किट क्लॉकच्या वाटेतच बसतं आणि स्वतःचा जिटर घालतं. म्हणून त्याचा पल्ला गरजेपुरताच ठेवतात. हे टाळायचं तर दुरुस्ती आकड्यांमध्ये करता येते: सिग्नलचा उतार काढायचा, त्याला स्क्यूने गुणायचं आणि नमुन्यातून वजा करायचं. त्यासाठी जलद डिजिटल फिल्टर चालवावे लागतात आणि वीज खर्च होते. शिवाय काही ठरावीक वारंवारतांचे सूर आत आले, तर प्रत्येक चॅनलला दर वेळी लहरीची तीच जागा दिसते आणि मोजमापाला काही सापडत नाही.

[पडद्यावर: लेझरचे अतिलघु स्पंद.]

इलेक्ट्रॉनिक क्लॉक जिथे थकतो तिथे काही संशोधक क्षण पकडण्याचं काम प्रकाशाकडे देतात. मोड-लॉक्ड लेझरचे स्पंद अतिशय नियमित असतात. 2012 मध्ये एमआयटीच्या नेतृत्वाखालील गटाने अशा रचनेतून 41 गिगाहर्ट्झचा सिग्नल 7 प्रभावी (नॉइज धरूनही खरोखर हाती येणाऱ्या) बिटांनी मोजल्याचं प्रसिद्ध केलं. ही अचूकता 15 फेम्टोसेकंदांच्या जिटरशी जुळते. मॉड्युलेटर नावाचा भाग सिग्नल स्पंदाच्या उंचीवर उमटवतो, आणि मागचा इलेक्ट्रॉनिक एडीसी ती उंची सवडीने वाचतो. क्षण आधीच ठरलेला असल्यामुळे त्याच्या क्लॉकची थोडी थरथर इथे खपते. मॉड्युलेटरचा वाकडेपणा आणि चॅनलांमधला फरक मात्र अजूनही मोजून काढावा लागतो.