ताट परत येतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात बी. एस्सी. दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला आणि तिसऱ्या दिवशी मी हायवेवरच्या एका शुद्ध शाकाहारी हॉटेलात कामाला लागलो. आमचं गाव बाळापूर तालुक्यात, हॉटेल गावापासून सायकलनं वीस मिनिटांवर. रोज ३०० रुपये आणि दोन वेळचं जेवण. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "घरी पान्याचा गिलास उचलत नाही, तिथं काय करशीन?" गंमत म्हणजे पहिला आठवडाभर मी तिथं गिलासच उचलले.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. हॉटेलात प्यायला आणि स्वयंपाकाला टँकरचं गोडं पाणी यायचं, भांडी मात्र खाऱ्या पाण्यातच निघायची. त्या पाण्यातला स्टीलचा गिलास तसाच वाळू दिला की पांढरे डाग उठतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, धुतला नाही. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पान्यातून काढला का लगेच पुसाचा. बोलनं मंग." बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आत भट्टीची धग, आणि मी कोरडं फडकं घेऊन उभा. शेदोनशे गिलास पुसल्यावर अंगठ्याची कातडी कशी होते, ते एकदा करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

शाकाहारी हॉटेलातल्या आचाऱ्याला आपल्याकडे 'महाराज' म्हणतात. आमचं हॉटेल पडलं शेगावच्या वाटेवर. त्यामुळे "महाराजांना भूक लागली", "महाराज आज तापलेत" असं कोणी ओरडलं की दर्शनाला निघालेली माणसं दचकून आत पाहायची. आमचे महाराज साठीच्या घरातले, विडी सोडलेले, आणि भाजी शिजताना एक थेंबही चाखून न पाहणारे. मीठ बरोबर आहे हे वासावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला अजून खरं वाटत नाही, पण दोन महिन्यांत मीठ एकदाच चुकलं आणि त्या दिवशी त्यांना पडसं होतं.

मेनूकार्डावर पनीरच्या बावीस भाज्या होत्या. भटारखान्यात ग्रेव्ह्या तीनच: लाल, पिवळी आणि काजू-मगजाची पांढरी. बाकी सगळी नावं. नागपूरकडची मंडळी शाकाहारी म्हटलं की पनीर मागवायची. जवळपासच्या गावांतली माणसं मात्र कार्ड न उघडताच विचारायची, "पातोडी हाय का? वांग्याचं भरीत?" पातोडीचा रस्सा दुपारी दोनपर्यंत संपायचा, पनीर रात्रीपर्यंत पुरायचं. महाराजांचा खरा जीव पातोडीत. वरून सांबार पेरल्याशिवाय ते वाटी बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर हो. एकदा पुण्याच्या एका ताईंनी इडलीबरोबर जास्तीचा सांबार मागितला. मी नवा, आत जाऊन तसंच सांगितलं. महाराजांनी मूठभर चिरून इडलीवर टाकला. ताईंनी इडलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मला टेबलं दिली. वाढायचं काम फारच थोडं, उष्टी ताटं उचलायचंच जास्त. थाळी १८० रुपयांची, हवं तेवढं खा. माणूस बसतो तेव्हा सगळे सारखे दिसतात, कळतं ते ताट परत आल्यावर. भात सगळ्यांत जास्त परत यायचा, कारण तो शेवटी येतो आणि पोट आधीच भरलेलं असतं. त्याखालोखाल लग्नसराईतल्या पाहुण्यांची गुलाबजामं, अर्धी खाल्लेली. ट्रकवाल्यांचं ताट पुसून घेतल्यासारखं. लहान पोरांच्या ताटात पापडाचा चुरा, आणि त्यांच्या आईच्या ताटात पोरांनी टाकलेलं सगळं. ती बिचारी स्वतःचं कधी जेवायची, मला दिसलं नाही.

खरं तर दोष अर्धा आमचाही होता. आपल्याकडे वाढणारा आग्रह करतो. नको म्हणणाऱ्याला एक पोळी वाढतो, हो म्हणणाऱ्याला दोन. हे मी घरून शिकून आलो होतो. एका दुपारी महाराजांनी मला उष्ट्याच्या ड्रमपाशी नेलं आणि म्हणाले, "हे पाह्य. थे बी महाराज अन् मी बी महाराज. थे शेगावात पह्यल्यांदा दिसले तवा काय करत व्हते, मालूम हाय ना?" मालूम होतं. आमच्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. २३ फेब्रुवारी १८७८ला गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते बाहेर फेकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. "मंग अर्धा डाव वाढत जाय. मांगतीन तं अजून देजो. तुह्ये पाय दुखतीन, दुखू दे." पाय दुखले. ड्रम मात्र संध्याकाळी अर्ध्यावर यायला लागला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला तितकीशी आवडत नाही.

हॉटेलात दोन पाट्या होत्या. एक, 'एका थाळीत दोघांनी जेवू नये.' दुसरी, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.' हवं तेवढं खा म्हटल्यावर पहिली पाटी लावावीच लागते, मालकांचाही धंदा आहे. मे महिन्याच्या शेवटी भर दुपारी शेगावहून येणारी एसटी हॉटेलासमोर पंक्चर झाली. प्रवासी आत आले. त्यांत एक म्हातारा-म्हातारी. बुवा पंचाहत्तरीच्या पुढचे, म्हणून त्यांचं तिकीट फुकट, आजीचं अर्धं. हा हिशेब त्यांनी मला बसल्या बसल्या सांगितला. मग म्हणाले, "आमाले दोघाईले एक ताट पुरते, बाप्पू." मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, वाचून दाखवावी लागली. आजी म्हणाल्या, "मंग राहू दे. शिदोरी हाय आमच्यापाशी." आणि पिशवी सोडायला लागल्या. मला दुसरी पाटीही वाचावी लागली.

रागावले असते तर बरं झालं असतं. "हाव, हाव," म्हणत दोघं उठले आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. मी गल्ल्याकडे पाहिलं. मालक फोनवर होते. थंड पाण्याचा जग घेतला, महाराजांनी न विचारता एका वाटीत चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड दिली, ती त्यांच्यापुढे ठेवून मी आत पळालो. चार टेबलं खोळंबली होती.

अर्ध्या तासानं बसचं चाक बसलं. कंडक्टरनं बेल मारली. आजी घाईघाईनं दारापर्यंत आल्या, जग माझ्या हातात दिला आणि वर वाटी ठेवली. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीत मिरचीचा ठेचा होता, हिरवागार, तेल सुटलेला. "पोळीसंगं खाय," म्हणाल्या आणि गेल्या.

रात्री हॉटेल बंद झाल्यावर महाराजांनी दोन भाकरी टाकल्या. तिखट इतकं होतं की आम्ही दोघंही नाक पुसत जेवलो. वाटी मोरीत टाकण्याआधी महाराजांनी शेवटचा तुकडा तिच्यातून फिरवला. मग ती मी धुतली, आणि लगेच पुसली.